खोडलेले वाक्य

श्रोतेहो, उत्तरपत्रिकेवर ओढलेली तांबडी रेघ कधी कधी शिक्षकाच्याच मनावर उमटून राहते. आदिलाबाद जिल्ह्यातील एका मराठी शाळेत मी नुकतीच शिकवावयास लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मधमाशीवरील प्रश्नाच्या उत्तरात एका मुलाने लिहिले होते, 'आग्या माश्या चांदण्या रात्रीही फुलांवर जातात.' मी ते वाक्य खोडले आणि समासात लिहिले, 'मधमाशी दिवसा काम करते.' मुलगा रानातला मध काढणाऱ्या घरातला होता. उत्तरपत्रिका घेऊन तो माझ्यापाशी आला व हळूच म्हणाला, "बाई, बाबांनी दाखवलंय मला." "पुस्तकात तसं नाही," असे सांगून मी त्याला जागेवर पाठविले.

तो खरे बोलत होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कीटकांच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. हेमा सोमनाथन यांच्या कार्याची माहिती वाचताना ते कळले. त्यांच्याविषयी आणि त्यांच्या शास्त्राविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

कीटकाचा मोठा डोळा हा वस्तुतः हजारो बारीक नेत्रिकांचा समुदाय असतो. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ सिगमुंड एक्सनर यांनी १८९१ साली या डोळ्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याचे दोन प्रकार स्पष्ट केले. रात्री हिंडणाऱ्या पुष्कळ पतंगांच्या डोळ्यांत अनेक भिंगांतून आलेला प्रकाश एकाच ठिकाणी एकवटतो. मधमाशी आणि भुंगा यांच्या डोळ्यांत मात्र प्रत्येक भिंग आपल्यापुरताच प्रकाश गोळा करते, आणि ते भिंग तर केसाहूनही बारीक. असा डोळा उन्हासाठी उत्तम. अंधारात त्याचा काय उपयोग, असे कोणालाही वाटावे.

मधमाशीला रंग तरी दिसतात काय, हाही एके काळी वादाचाच विषय होता. कार्ल फॉन हेस यांच्यासारखे नामांकित नेत्रतज्ज्ञ तिला रंगांध समजत. कार्ल फॉन फ्रिश या तरुण संशोधकाने १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे मत पालटले. करड्या रंगाच्या फिक्या-गडद कागदांच्या पटावर त्यांनी एक निळा कागद ठेवला आणि त्यावर साखरपाणी ठेवून माश्यांना सवय लावली. पुढे साखरपाणी काढून घेतले, तरी माश्या निळ्या कागदावरच येत. नुसत्या उजेडाच्या कमीअधिकपणावर त्या चालत असत्या, तर एखाद्या करड्या छटेने त्यांना नक्कीच फसविले असते. फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तरीही हे सारे दिवसाचे झाले. रात्रीचा प्रश्न उरलाच होता.

तो प्रश्न घेऊन आता आपल्याला महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या अरण्यात जावयाचे आहे. ज्योतिर्लिंगासाठी आणि शेकरू खारीसाठी प्रसिद्ध असलेले हे रान. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रेनी बोर्जेस यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या हेमा सोमनाथन येथे आल्या, त्या डोळ्याचा नव्हे, तर एका झाडाचा अभ्यास करावयास. ते झाड म्हणजे वारस. वारसाची फुले रात्री उमलतात. त्यांचे परागण कोण करते, हे पाहण्यासाठी रात्री जागाव्या लागल्या, आणि फुलांवर आले ते लाकूड पोखरून घर करणारे भुंगे. २००१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

आपल्या काव्यातील भ्रमर सायंकाळी मिटणाऱ्या कमळात अडकतो आणि उजाडण्याची वाट पाहत बसतो. भीमाशंकरचा हा भुंगा मात्र दिवस मावळल्यावर कामाला निघतो. एक प्रश्न सुटला, पण त्यातूनच दुसरा निघाला : त्याला दिसते कसे?

त्याच्या उत्तरासाठी त्यांनी स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर या दृष्टिशास्त्रज्ञांबरोबर काम केले. एकाच रानातील भुंग्यांच्या तीन जाती त्यांनी निवडल्या. एक केवळ दिवसा उडणारी, दुसरी क्वचित संधिप्रकाशात निघणारी आणि तिसरी अमावास्येच्या रात्रीही उडणारी. तिसऱ्या जातीच्या डोळ्यांतील भिंगे मोठी, प्रकाश टिपणारे दांडे रुंद, आणि माथ्यावरील तीन साधे नेत्र प्रत्येकी सुमारे एक मिलिमीटर व्यासाचे आढळले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांप्रमाणे तिच्या डोळ्याची प्रकाशग्रहणशक्ती दिवसाच्या भुंग्याच्या २७ पट भरली.

२७ पट ही लहान गोष्ट नव्हे. परंतु भर दुपारचे ऊन आणि ताऱ्यांचा उजेड यांतील अंतर कोट्यवधी पटींचे आहे. म्हणजे हिशेब जुळत नव्हता. संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले. जसा छायाचित्रकार मंद उजेडात कॅमेऱ्याचे झाकण अधिक वेळ उघडे ठेवतो, तसा हा कीटक प्रकाश अधिक काळ साठवीत असावा आणि शेजारच्या नेत्रिकांचे संदेश त्याच्या मज्जासंस्थेत एकत्र होत असावेत, असे त्यांनी अनुमान मांडले.

त्याआधी २००८ साली त्यांनी आणखी नवलाची गोष्ट दाखविली होती. घरट्यापाशी ठेवलेल्या रंगीत खुणा हे भुंगे ताऱ्यांच्या उजेडातही रंगावरून ओळखीत. त्या वेळी आपल्या डोळ्यांतील रंग जाणणाऱ्या पेशी निकामी असतात. तांबडी जास्वंद आपल्याला काळी दिसते. रात्रीला रंग नाहीत, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ते आपल्याला दिसत नाहीत, एवढेच.

आणि आता माझ्या विद्यार्थ्याची आग्या माशी. २००९ साली याच संशोधकांनी आग्या, सातेरी आणि फुलोरी या आपल्या तीन मधमाश्यांचे डोळे मोजले. चांदण्या रात्री चाऱ्याला जाणाऱ्या आग्या माशीचा डोळा सर्वांत संवेदनशील निघाला, जरी त्याला दिसणारे चित्र इतरांहून कमी रेखीव. येथेही नुसत्या डोळ्याच्या घडणीने तिचे रात्रीचे उड्डाण पुरते उलगडेना.

श्रोतेहो, पुढे तिरुवनंतपुरमच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अध्यापन-संशोधन करणाऱ्या या विदुषीचे मोठेपण मला येथेच दिसते. मोजमाप अपुरे पडले, म्हणून रानात पाहिलेले त्यांनी खोडले नाही. माशी उडते हे खरे, आपला हिशेब अपुरा, असे म्हणून त्या पुढे गेल्या. माझ्यासमोरही पाहिलेले आणि छापलेले असे दोन पुरावे होते. मी एक खोडला, आणि तो खोडण्यापूर्वी एकदाही चांदण्यात जाऊन पाहिले नाही.

तो मुलगा आता कर्ता पुरुष झाला असेल. त्याचा गेलेला गुण मला परत देता येत नाही. मात्र पुस्तकाबाहेरचे उत्तर समोर आले, की तांबडी लेखणी मी बाजूला ठेवते आणि आधी विचारते, "हे तू कुठे पाहिलंस?"