बंदुकीचें हस्तांतर आणि कायद्याचे शब्द

कायदा करणाऱ्याच्या मनांत काय होतें, हा प्रश्न मागाहून निघतो. आधीं वाचले जातात ते कायद्याचे शब्द. हेतु चांगला असूनहि शब्दांनीं कायद्याला भलतीकडेच नेल्याचीं उदाहरणें बहुतेक देशांच्या इतिहासांत आढळतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खासगी शस्त्रव्यवहाराच्या बाबतींत घडलेल्या पुढील दोन हकीकती त्याच जातीच्या आहेत.

त्या देशांत शस्त्र बाळगणें हा घटनेनें मानलेला हक्क आहे. १९६८ सालच्या कायद्यानें गुन्हेगार व भ्रमिष्ट ठरलेल्या इसमांना बंदूक विकण्याची मनाई केली. परंतु घेणारा त्यांपैकीं आहे कीं नाहीं, हें पाहण्याची देशव्यापी सोय पुढें पंचवीस वर्षें झाली नाहीं. १९८१ सालीं अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, त्यांत त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी कायमचे जायबंदी झाले. त्यांच्याच नांवाचा कायदा १९९३ सालीं मंजूर झाला. त्यानुसार ३० नोव्हेंबर १९९८ पासून परवानेवाल्या दुकानदारानें गिऱ्हाइकाचें पूर्ववृत्त एफ्. बी. आय.च्या दप्तरांतून तपासून घेण्याची पद्धत सुरू झाली. हें बंधन दुकानदारापुरतें होतें. शेजाऱ्यानें शेजाऱ्याला बंदूक विकली, तर मध्यवर्ती कायदा अशी तपासणी मागत नसे. ही पळवाट बुजविण्याचें काम मग एकेका संस्थानानें हातीं घेतलें.

वायव्येकडील वॉशिंग्टन संस्थानांत नोव्हेंबर २०१४ मध्यें मतदारांनींच सार्वमतानें तसा कायदा करून घेतला. कोठेंहि फट राहूं नये, या निर्धारानें मसुदा लिहिणाऱ्यांनीं ‘हस्तांतर’ या शब्दांत विक्रीबरोबर देणगी आणि उसनवारीहि घातली. शिकार, चांदमारीचीं मैदानें, जवळच्या आप्तांमधील देणगी असे कांहीं अपवाद त्यांनीं ठेवले. पण माणसांचे व्यवहार अशा यादींत कोठून मावणार! लिंडन गांवच्या पायोनियर म्युझियममध्यें त्या वेळीं दुसऱ्या महायुद्धाविषयींचें प्रदर्शन चालूं होतें, आणि त्यांतील कांहीं रायफली संग्राहकांकडून उसन्या आणलेल्या होत्या. कायदा ४ डिसेंबरला अंमलांत यावयाचा होता. त्यानंतर त्या मालकाला परत करणें हेंहि हस्तांतरच ठरेल, या धास्तीनें संग्रहालयानें अकरा रायफली मुदतीपूर्वींच परत पाठविण्याचें ठरविलें.

ही गोष्ट हंसून सोडून देतां येईल. दुसरी तशी नाहीं. प्राणसंकटाच्या वेळीं तात्पुरती बंदूक देण्याची मुभा मूळ कायद्यांत होती. मात्र ज्याच्या हातीं बंदूक जावयाची, त्याच्याच प्राणरक्षणासाठीं. आत्मघाताचे विचार मनांत घोळत असलेल्या मित्राच्या घरांतून त्याची बंदूक चार दिवस आपल्याकडे नेऊन ठेवणारा मनुष्य या मुभेंत बसत नव्हता. दोघांनीं मिळून आधीं दुकानदाराकडे जावें, तपासणी करवून घ्यावी, आणि मित्र सावरल्यावर बंदूक परत देतांना पुन्हा तोच सोपस्कार करावा, असा शब्दांचा सरळ अर्थ होता. अमेरिकेंत बंदुकीनें होणाऱ्या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०१७ सालीं विधिमंडळानें ही सूट कायद्यांत घातली. तोंवर कायद्याच्या भीतीनें कोण मित्राच्या उंबऱ्यावर थबकला असेल, याची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नसते.

नेव्हाडाची हकीकत याहून विलक्षण आहे. नोव्हेंबर २०१६ मध्यें तेथील मतदारांनीं असाच प्रस्ताव दहा हजारांहूनहि कमी मताधिक्यानें मंजूर केला. लास व्हेगस शहर ज्यांत आहे, त्या एकट्या क्लार्क परगण्यानें कौल दिला. बाकीचे सर्व परगणे विरुद्ध गेले. नेव्हाडांत दुकानांतील विक्रीची तपासणी संस्थानाचें स्वतःचें खातें करीत असे. नव्या कायद्यांत मात्र खासगी व्यवहाराची चौकशी त्या खात्याकडे न करतां थेट एफ्. बी. आय.कडे करावी, असें लिहिलेलें होतें. संस्थानाच्या खात्यावर नवा भार पडूं नये, ही त्यांतली सोय. आणि नेमकें येथेंच घोडें अडलें. डिसेंबरमध्यें एफ्. बी. आय.नें कळविलें कीं, मध्यवर्ती सरकारचीं साधनें कशीं वापरावीं हें एखाद्या संस्थानाचा कायदा ठरवूं शकत नाहीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मध्यवर्ती सरकारला बजावलें होतें कीं, ब्रॅडी कायद्याच्या तपासणीसाठीं संस्थानांतील शेरीफांना राबवितां येणार नाहीं. आतां तोच न्याय उलट दिशेनें लागूं झाला.

कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागूं व्हावयाचा होता. त्याच्या तोंडावरच संस्थानाचे मुख्य सरकारी वकील ॲडम लॅक्सॉल्ट यांनीं अभिप्राय दिला कीं, जें करणें अशक्य आहे, तें न केल्याबद्दल नागरिकांना शिक्षा करतां येत नाहीं. खासगी विक्री पूर्वींप्रमाणेंच चालूं राहिली. चूक दुरुस्त करावी तर संस्थानाच्या घटनेप्रमाणें लोकांनीं केलेल्या कायद्याला विधिमंडळानें तीन वर्षें हात लावावयाचा नाहीं! लोकमताच्या रक्षणासाठीं घातलेल्या या कलमानेंच लोकांचा कौल कोंडून ठेवला.

या अवधींत, १ ऑक्टोबर २०१७ रोजीं, लास व्हेगसमध्यें एका संगीतसमारंभावर गोळीबार झाला व साठ माणसें प्राणांस मुकलीं. मारेकऱ्यानें आपलीं शस्त्रें परवानेवाल्या दुकानांतून, तपासणी होऊनच, घेतलेलीं होतीं. त्यामुळें हा कायदा चालता असता तर ती हत्या टळली असती, असें म्हणतां येत नाहीं. परंतु पुस्तकांत निजून राहिलेल्या कायद्याकडे लोकांचें लक्ष पुन्हा वळलें. त्याची अंमलबजावणी करण्याचा हुकूम सरकारला द्यावा, ही मागणी न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केली नाहीं. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्यें विधिमंडळानें नवाच कायदा केला आणि गव्हर्नर स्टीव्ह सिसोलॅक यांनीं त्यावर सही केली. एफ्. बी. आय.चें नांव काढून त्या जागीं संस्थानाचें खातें घालण्यांत आलें, आणि २ जानेवारी २०२० पासून तपासणी सुरू झाली.