एकट्याचे नाटक आणि समोरची माणसे

गेल्या पौषात एका तालुक्याच्या गावी दोन संध्याकाळींचा एक लहानसा नाट्यमहोत्सव पाहण्याचा योग आला. महोत्सव म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे मंडप, कमानी आणि पाहुण्यांची रांग उभी राहील. तसले तेथे काही नव्हते. शाळेच्या पडवीत बाके जोडून केलेला रंगमंच, दोन दिवे आणि खाली सतरंज्या. नाटके चार, आणि प्रत्येकात पात्र एकच. विषय तुमच्या-आमच्या घरातलेच : दारू, हुंडा, कर्ज, वैधव्य.

तिसऱ्या नाटकात विधवेचे काम करणाऱ्या शिक्षिकाबाई समोर पाहून म्हणाल्या, "कुणी घोटभर पाणी तरी द्याल का?" आता लिहिलेल्या नाटकात कुणी पाणी देत नाही, आणि मग ती विधवा गावाला चार खडे बोल सुनावते. पण पुढच्या रांगेतली एक आजी उठली, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला, बाकावर नेऊन ठेवला आणि "पी गं बाई" म्हणून जागेवर येऊन बसली. बाई क्षणभर गोंधळल्या. मग पाणी प्याल्या, आणि पुढचे सगळे बोलणे त्यांनी आजीकडे पाहून केले.

परतताना माझे एक सहकारी म्हणाले, "प्रयोग फसला हो." मला मात्र वाटले, तो तेथेच उभा राहिला. असे का वाटले, ते सांगायचे तर जरा लांबून यावे लागेल.

एकट्याने नाटक करण्याची कल्पना नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'भाण' म्हणून एक आहे. एक अंक आणि एकच नट. हा नट नगरातून हिंडतो, वाटेत भेटणाऱ्यांशी बोलतो. पण भेटणारे कुणी दिसत नाहीत. तो आकाशाकडे पाहून प्रश्न करतो, "काय म्हणतोस?" असे विचारून न दिसणाऱ्याचे उत्तर स्वतःच ऐकवतो. याला आकाशभाषित म्हणत. म्हणजे पाहा, एकट्याच्या नाटकात दुसरे पात्र असतेच. फक्त त्याची जागा रिकामी असते. ती जागा कुणाला द्यायची, यावर पुढचा सारा खेळ आहे.

आपल्याकडे ही जागा आकाशातून खाली उतरली ती कीर्तनात. उत्तररंगात आख्यान सांगताना कीर्तनकार घटकेत राजा होतो, घटकेत म्हातारी होतो, हे तुम्ही देवळात पाहिले असेल. पण गाडगेबाबांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराट्याने गाव झाडी, आणि रात्री कीर्तनाला उभा राही. ते कीर्तन कसले? प्रश्नांची फैरच ती. बाबा विचारीत आणि लोक उत्तर देत. त्या उत्तरातूनच बाबा पुढचा प्रश्न काढीत. कर्ज काढून सण का, नवसाला मुके जनावर का, माणसाला माणसाचा विटाळ कसा, पोरगं शाळेत का नाही, हे सारे लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. भाषा रोकडी वऱ्हाडी. एकदा तोंडाने "चूक आहे" म्हटले, की घरी जाऊन ते विसरणे माणसाला जड जाते. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. नाट्याच्या इतिहासात त्यांना कुणी फारशी जागा देत नाही; मी देईन.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबीण, तिचा नवरा, त्यांना ग्रहांचे भय घालून नाडणारा जोशी, आणि मधून मधून कान टोचणारा विदूषक. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने नाकारले. नाटक कागदावर राहिले. ज्याला मंडळी हवीत, पैका हवा आणि वर कमिटीची पसंतीही हवी, त्याचे असे होते. एकट्या माणसाला एवढे अडवता येत नाही, तो एस.टी.तून उतरला आणि पारावर उभा राहिला की झाले.

पुढे १९६१ पासून पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर आणली आणि शहरातल्या नाट्यगृहांत एकपात्रीला मान मिळाला. ते तुम्हांला ठाऊकच आहे. १९७९ साली औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' केले. बावन्न पात्रे, माणूस एक. लोक ते हसण्यासाठी पाहतात, आणि हसावेच. पण मला त्यातली मोठी गोष्ट निराळी वाटते. मराठवाड्यातल्या खेड्याची बोली तोवर नाटकात बहुधा गड्याच्या तोंडी असे. येथे ती तीन तास मालकीणीसारखी वावरली.

आणि मग १९८९ साली सुषमा देशपांडे यांचे 'व्हय, मी सावित्रीबाई' आले. हे नाव नीट ऐका. 'व्हय' हे उत्तर आहे. म्हणजे आधी कुणीतरी विचारले आहे, "तूच का ती सावित्री?" विचारणारे कोण? आपण. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. तेथे शिकवायला जाणाऱ्या या बाईच्या अंगावर लोकांनी शेण आणि दगड फेकले. ते फेकणारे नाटकात आणायचे, तर चार-सहा नट लागतील. ते लबाड तोंडे करतील, आणि आपण त्यांना हसून घरी जाऊ. येथे नट एकच. शेण फेकणाऱ्यांची जागा रिकामी, आणि ती बाई तर आपल्याकडे बघून बोलते आहे! १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन निघालेली सावित्रीबाई डोळ्यांपुढे येते, तेव्हाही वाटेत दार लावून बसलेले लोक आपणच असतो. हे नाटक खेडोपाडी गेले ते फार सामान लागत नाही म्हणून, हे खरेच. पण टिकले ते या रिकाम्या जागेमुळे, असे माझे मत आहे.

आता शिक्षकमंडळींशी थोडे बोलतो. शाळाशाळांतून एकपात्री स्पर्धा होतात. मीही परीक्षक म्हणून बसलो आहे. वाचिकाला इतके गुण, अभिनयाला इतके, वेळ सात मिनिटे. मुले घोटून घोटून पाठ करतात, ठरल्या जागी रडतात आणि सगळा वेळ परीक्षकांच्या टेबलाकडे बघतात. एकदा एक सातवीतला मुलगा दारुड्या बापाचे काम करीत होता. प्रेक्षागारातून कुणीतरी ओरडले, "घरी जा आता!" पोरगं थबकलं, त्या दिशेला वळून म्हणालं, "घर ठेवलंय कुठं?" आणि मग पुढचे वाक्य विसरले. मी त्याचे पाठांतराचे दोन गुण कापले. पहिले बक्षीस छान रडणाऱ्या एका मुलीला दिले. त्या मुलाचे नावही आज आठवत नाही, पण त्याचे ते वळणे आठवते, आणि कापलेले दोन गुण खुपतात.

त्या रात्री पडवीत सतरंज्या गुंडाळताना शिक्षकांत वाद जुंपला. पाण्याचे वाक्य ठेवायचे की काढायचे? एक गुरुजी म्हणाले, पाणी मिळाले तर पुढचे खडे बोल खोटे पडतात. दुसरे म्हणाले, मग खडे बोलच काढा. बाई तांब्या घासत होत्या. त्यांनी सांगितले की वाक्य राहील आणि खडे बोलही राहतील, कोणते बोलायचे ते त्या दिवशी ठरेल. पुढचा प्रयोग माघात, नदीपलीकडच्या गावी होता. "आणि तिथं कुणीच उठलं नाही तर?" मी विचारले.

"तर तशीच, कोरड्या घशानं बोलेन," बाई म्हणाल्या, आणि तांब्या माठावर पालथा घालून दिवा काढायला गेल्या.