वलूरकाचे यवन आणि चांगआनचे ख्रिस्ती

मावळातील कार्ले लेण्यांचे शिलालेखांतील नाव वलूरक. तेथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. त्यांतील एकाचे नाव सिहधय, दुसऱ्याचे धम्म. दाते यवन, परंतु भाषा प्राकृत आणि लिपी ब्राह्मी. त्यांच्याच शेजारी सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिहदत आणि सुतार सामी यांचीही नावे आहेत. नहपानाचा जामात उषवदात याने संघास करजिक गाव दिले हे खरे; तथापि स्तंभ उभे राहिले ते मुख्यतः उपासकांच्या दानावर.

परका धर्म नव्या भूमीत कसा रुजतो, हे पाहण्यासाठी चीनमधील ख्रिस्ती मंडळीचा इतिहास येथे ताडून पाहण्यासारखा आहे. इ. स. ६३५ मध्ये सीरियन परंपरेचा धर्मोपदेशक अलोपेन चांगआनला पोचला. ६३८ मध्ये सम्राट ताइत्सुंगच्या आज्ञेने तेथे २१ जणांचा मठ स्थापन झाला. ७८१ च्या प्रसिद्ध शिलालेखाचा कर्ता चिंगचिंग याने मठ आणि मठवासी यांसाठी बौद्धांनी रूढ केलेलेच चिनी शब्द वापरले. इतकेच नव्हे, तर प्रज्ञ नावाच्या बौद्ध भिक्षूसह त्याने षट्पारमितांवरील सूत्राचे भाषांतरही केले. अर्थ दुर्बोध झाल्याने सम्राटाने ते नाकारले.

या शिलालेखावरील सुमारे सत्तर नावे मुख्यतः धर्माधिकारी व मठवासी यांची असून ती सीरियन लिपीत आहेत. वलूरकावरील नावे मुख्यतः उपासकांची आहेत. हा भेद अर्थपूर्ण आहे. ८४५ मध्ये सम्राट वूत्सुंगने बौद्ध विहारांबरोबर ख्रिस्ती मठही बंद केले. पुढच्याच वर्षी तो वारला आणि बौद्ध संघ सावरला. ख्रिस्ती मंडळी मात्र दहाव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून जवळजवळ नाहीशी झाली. शब्द स्थानिक झाले होते, आधार झाला नव्हता, असेच म्हणावे लागते.

विसाव्या शतकात चिनी प्रोटेस्टंटांपुढे हाच प्रश्न पुन्हा आला. १९५४ मध्ये स्वयंशासन, स्वावलंबन आणि स्वयंप्रसार या त्रिसूत्रीची चळवळ नव्या राजवटीच्या छायेत संघटित झाली. परकीय मिशनांचा आधार सुटला, पण राज्यसत्तेचा अंकुश आला. म्हणून अनेक श्रद्धावंतांनी घरोघरी प्रार्थना करणे पत्करले.

त्याच वर्षी, २५ डिसेंबर रोजी, मावळच्या वेशीवरील देहूरोड येथे बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. वलूरकाच्या स्तंभांचा बोध तेथील उपासकांसाठीही तोच आहे : राजाश्रय येतो आणि जातो, उपासकाचे दान हाच धम्माचा टिकाऊ आधार होय.