कोल्ड्रिंकच्या बाटलीवरचा अडीचचा हिशोब

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी गाइडना एक तक्ता दाखवला: कोणत्या पेयात साखर किती. मॅडमनी एकच विचारलं, "किती ते कळलं, पण कशात? शंभर मिलीत, ग्लासात की बाटलीत?" माझ्या तक्त्यात तिन्हींची सरमिसळ होती. सगळा तक्ता नव्याने करावा लागला.

मित्रांनो, हाच 'कशात' अमेरिकेतल्या पोषण-लेबलाच्या इतिहासात कळीचा ठरला.

तिथे १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९४ पासून पाकिटांवर पोषणाचा तक्ता सक्तीचा झाला. आकडे द्यायचे होते एका 'सर्व्हिंग'चे. सर्व्हिंग म्हणजे लोक एका वेळी साधारणपणे जेवढं घेतात तेवढं. ते ठरवायला १९७७-७८ आणि १९८७-८८ ची आहार-सर्वेक्षणं वापरली गेली. सॉफ्ट ड्रिंकसाठी उत्तर आलं ८ औंस, म्हणजे साधारण २४० मिली.

पण दुकानात मिळणारी बाटली होती २० औंसची, जवळपास ५९० मिलीची. त्यामुळे तिच्यावर छापलं जायचं: १०० च्या आसपास कॅलरी, सर्व्हिंग अडीच. बाटली मात्र एकटा माणूस संपवायचा. आकडा खोटा नव्हता. फक्त गुणाकार गिऱ्हाइकावर सोडला होता.

तो गुणाकार आपणच करून दिला तर? बाल्टिमोरमधल्या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्त्यांतल्या चार दुकानांत संशोधकांनी हे करून पाहिलं. पाट्या तीन प्रकारच्या होत्या: बाटलीत किती कॅलरी, त्या दिवसभराच्या गरजेच्या किती टक्के, आणि त्या जाळायला किती वेळ धावावं लागेल (सुमारे ५० मिनिटं). २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाट्या असताना किशोरवयीन मुलांनी साखरेची पेयं कमी घेतली, आणि सर्वांत ठळक परिणाम धावण्याच्या पाटीचा होता. मात्र इथे मोजली गेली ती दुकानातली खरेदी. मुलं घरी काय प्यायली, हे या अभ्यासातून कळत नाही.

२०१६ मध्ये नियम बदलला. सर्व्हिंग १२ औंस झालं आणि २० औंसची बाटली एकच सर्व्हिंग धरायची ठरली. मोठ्या कंपन्यांना जानेवारी २०२० ची मुदत होती.

आता इथे एक खाच आहे. सर्व्हिंग सांगतं लोक किती पितात. किती प्यावं, हे नाही. वाचणाऱ्याला तो सल्लाच वाटू शकतो. त्यामुळे लेबलावर प्रश्नावली करणार असाल, तर 'सर्व्हिंग म्हणजे तुमच्या मते काय?' हा प्रश्न आधी विचारा.

आणि सराव घरूनच करा. आपल्याकडच्या बाटलीवर साखर प्रति १०० मिली लिहिलेली असते. ६०० मिलीची बाटली असेल तर सहाने गुणा. मग तुमच्या प्रपोजलमधला प्रत्येक आकडा काढा आणि त्याच्या खाली छेद लिहिलाय का, ते बघा.