कुलाबा–अलिबागची चुंबकीय वेधशाळा

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली. आकाशस्थ ज्योतींचे वेध घेणे आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवणे हे तिचे काम होते. भर समुद्रात रेखांश काढायचा तर जहाजावरचे घड्याळ बिनचूक असावे लागे आणि ते लावून घेण्याची सोय बंदरातच हवी असे.

वेधशाळेचा खरा लौकिक मात्र वेगळ्याच कामामुळे झाला. १८३०च्या दशकात गाउस आणि वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी दूरदूरच्या ठिकाणी एकाच वेळी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजण्याची पद्धत रूढ केली. ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञ एडवर्ड सॅबाइन यांनी तीच कल्पना साम्राज्यभर राबवण्याचा आग्रह धरला. होकायंत्रावर विसंबून चालणाऱ्या आरमाराला आणि व्यापारी जहाजांना यात उघड रस होता. कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठिकाणे निवडली. सिमला व सिंगापूर येथील काम काही वर्षांतच थांबले. कुलाब्यात १८४१ मध्ये सुरू झालेले काम टिकले.

आरंभीची जबाबदारी एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ वेधशाळेची सूत्रे सांभाळली. पुढे गणिती व ज्योतिषी म्हणून गाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांची उमेदवारी याच वेधशाळेत झाली. छत्रे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. पुढे साठ वर्षांनी वेधशाळेचे चुंबकीय काम त्याच परिसरात हलवावे लागले.

मोजणीची रीत साधी पण कष्टाची होती. रेशमी धाग्याला टांगलेली चुंबकपट्टी बंद पेटीत स्थिर होऊ द्यायची आणि तिची हालचाल दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायची. हे काम दर तासाला, रात्रंदिवस चाले. पट्टी अस्वस्थ झाली की मधली अंतरे कमी करून थोड्या थोड्या मिनिटांनी वाचन घेतले जाई. त्या काळातली उपकरणे डब्लिनच्या टॉमस ग्रब यांनी घडवलेली होती.

या शिस्तीचे मोल २ सप्टेंबर १८५९ रोजी सिद्ध झाले, पण कळले ते फार उशिरा. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर प्रखर प्रकाशाचा झोत दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठले. युरोपातील छायाचित्रणाने नोंद करणाऱ्या यंत्रांवरची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यात डोळ्यांनी वाचन घेतले जात असल्याने आकडे हाती राहिले. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता. शांत दिवशी हा फरक शंभराच्या आतल्या नॅनोटेस्लांपुरताच असतो. मुंबई ध्रुवांपासून दूर असल्याने ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशातल्या प्रवाहांचा गोंधळ इथल्या नोंदीत कमी मिसळतो, म्हणून या आकड्यांना विशेष वजन आहे.

१८७२ पासून कुलाब्यातही छायाचित्रण पद्धत आली. चुंबकाला जोडलेल्या आरशावरून परावर्तित होणारा दिव्याचा किरण, घड्याळाच्या यंत्रणेने फिरणाऱ्या नळकांड्यावरील संवेदनशील कागदावर रेघ ओढू लागला. चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर १८९६ मध्ये नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस संचालक झाले. या पदावर कायमस्वरूपी आलेले ते पहिले भारतीय. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी संकलित करून त्यांनी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. वादळ सुरू झाल्यापासून क्षेत्र कसे बदलत जाते, याचा त्यांनी केलेला अभ्यास पुढच्या संशोधकांना पायाभूत ठरला.

मूस यांच्याच कारकिर्दीत अडचण उभी राहिली. १८७४ पासून मुंबईत घोडे ओढत असलेल्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. अशा ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांमधून परत जातो आणि त्यातला काही भाग जमिनीत झिरपतो. या भटक्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र नोंदींमध्ये मिसळले असते, तर सूर्याचा परिणाम कोणता आणि ट्रामचा कोणता हे वेगळे काढणे दुरापास्त झाले असते. शहराची सोय अडवून धरणे शक्य नव्हते, तेव्हा वेधशाळेने जागा शोधली. समुद्रापलीकडचे, सुमारे तीस किलोमीटरवरचे अलिबाग निवडण्यात आले. तेथील इमारती लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधल्या. आतले तापमान शक्य तितके एकसारखे राहील याचीही काळजी घेतली, कारण उष्णतेनेही चुंबकाचे वाचन बदलते.

अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, पण कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे दोन जागांमधला कायमचा फरक काढता आला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सलग जोडता आली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये.

भारतीय हवामान खात्याकडे असलेले हे काम १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आले; तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. या संस्थेतील गुरबक्स लखिना व एस. अलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोंझालेझ यांच्यासह २००३ मध्ये कुलाब्याच्या १८५९ मधील नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्ञात चुंबकीय वादळांमध्ये त्या वादळाची गणना अतितीव्र म्हणून होते. त्या तीव्र घसरणीत पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचा वाटा किती आणि अन्य प्रवाहांचा किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

या प्रश्नाला व्यवहाराचीही बाजू आहे. मार्च १९८९ मधल्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज सुमारे नऊ तास घालवली, आणि ते वादळ १८५९च्या तुलनेत सौम्य होते. वीजजाळे, उपग्रह आणि संदेशवहन यांची सर्वांत वाईट परिस्थितीसाठी कितपत तयारी हवी, हे ठरवताना कुलाब्याच्या आकड्यांचा आधार घेतला जातो.

अलिबागला आता क्षेत्रातील बदल इलेक्ट्रॉनिक उपकरणे सतत टिपतात. तरीही यंत्रांच्या वाचनात हळूहळू फरक पडत जातो, म्हणून ठरावीक काळाने निरीक्षकाला थिओडोलाइट हे कोन मोजणारे उपकरण लावून निरपेक्ष मोजमाप घ्यावेच लागते. स्वयंचलित आकडे त्याच्याशी ताडून दुरुस्त केले जातात, आणि मगच ते १८४० च्या दशकापासून चालत आलेल्या मालिकेत जमा होतात.