झोपेचा हुकूम कोणाचा? संगणकाच्या निद्रावस्थांची कुळकथा

हाती घेतलेले काम जसेच्या तसे राखून संगणकाची वीज वाचवण्याच्या दोन रीती आज सर्वपरिचित आहेत. पहिलीत चालू कामाचा सर्व मजकूर रॅममध्येच ठेवून बाकीच्या यंत्राची वीज तोडली जाते आणि तिला सस्पेंड किंवा स्लीप म्हणतात. दुसरीत तोच मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र पूर्णपणे बंद केले जाते आणि तिला हायबरनेशन म्हणतात. या दोहोंच्या सेटिंग्ज आज वापरणाऱ्याच्या हाती दिसत असल्या, तरी यंत्राला झोपवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा वाद त्यांच्यामागे गेली तीन दशके चालू आहे, आणि त्या वादाचा माग घेतल्याशिवाय या सेटिंग्ज अशा विचित्र का आहेत हे उलगडत नाही.

मुळात हा प्रश्न मेमरीचे द्रव्य बदलल्यामुळे उद्भवला. १९६०च्या दशकातील संगणकांची मुख्य मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची, म्हणजे चुंबकीय कोअरची असे, आणि कडीने धरलेली चुंबकीय दिशा वीज गेली तरी पुसली जात नसे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७०मधील पीडीपी-११ या संगणकात वीजपुरवठा ढासळू लागला की प्रोसेसरला तशी सूचना मिळे, आणि हाती उरलेल्या अत्यल्प अवधीत रजिस्टरांतला, म्हणजे प्रोसेसरच्या आतील तात्पुरत्या खणांतला मजकूर कोअरमध्ये नेऊन ठेवणारा प्रोग्रॅम लिहिलेला असेल, तर वीज परतल्यावर काम थांबले होते तिथून पुढे चालू करता येई. त्याच वर्षी इंटेलची ११०३ ही डीरॅमची चिप बाजारात आली. डीरॅममध्ये प्रत्येक बिट सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार सतत गळत असल्याने पुन्हा पुन्हा भरावा लागतो. स्वस्ताईच्या बळावर या मेमरीने कोअरला हटवले, आणि वीज जाताच सारे विसरणे हा संगणकाचा स्वभाव बनला.

टेबलावरच्या, भिंतीतील विजेवर चालणाऱ्या संगणकांना याचा फारसा जाच झाला नाही. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांना झाला. इंटेलने १९९०मध्ये लॅपटॉपांसाठी ८०३८६एसएल हा प्रोसेसर आणला, त्यात 'सिस्टिम मॅनेजमेंट मोड' नावाची एक वेगळीच अवस्था होती, जिच्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या नकळत फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम वस्तीला असलेले बायोस, प्रोसेसरचा ताबा घेऊ शके. १९९२मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एपीएम हे मानक जाहीर केले, आणि त्यातही वीज व्यवस्थापनाचा मुख्य कारभारी बायोसच राहिला. त्या काळातील अनेक लॅपटॉपांत बायोस स्वतःच सारी मेमरी डिस्कवरच्या एका राखीव विभागात उतरवत असे. तो विभाग उत्पादकाने दिलेल्या खास प्रोग्रॅमने आधी आखून घ्यावा लागे, आणि पुढे कोणी रॅम वाढवली की तो अपुरा पडून नव्याने आखण्याची पाळी येई. या व्यवस्थेचे खरे वैगुण्य मात्र जागेचे नव्हते. यंत्रावर कोणते काम चालू आहे आणि मागाहून बसवलेली कार्डे कोणत्या स्थितीत आहेत याची जाण बायोसला नसे, तरीही झोपवण्याचा निर्णय तेच घेई.

डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकाने हा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवला, आणि तत्त्वतः तो निर्णय योग्यच होता. झोपेच्या पायऱ्यांना त्यात क्रमांक मिळाले: एस-थ्री म्हणजे रॅम जागी ठेवून घेतलेली झोप, एस-फोर म्हणजे डिस्कवर उतरवलेली झोप आणि एस-फाइव्ह म्हणजे बंद यंत्र. आपल्या यंत्राला झोपवायचे आणि उठवायचे कसे, हे उत्पादकाने एका सांकेतिक भाषेतील तक्त्यांमध्ये लिहून द्यावे आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ते वाचून अमलात आणावे, अशी ही विभागणी होती.

घोळ झाला तो या तक्त्यांत. १९९९च्या जानेवारीतील मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांचा एक अंतर्गत ई-मेल पुढे अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाला. एसीपीआयची पुढची रचना विंडोज एनटीला सोयीची आणि इतरांना गैरसोयीची ठेवता येईल का, अशी विचारणा त्यात होती. त्या विचारणेची परिणती काहीही असो, व्यवहारात उत्पादक आपले तक्ते बहुधा विंडोजवरच तपासून पाहत आणि विंडोजने चालवून घेतलेल्या चुका तशाच राहत. म्हणून, समोर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे असे तक्त्याने विचारले, तर लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम आजही आपण विंडोजशी सुसंगत असल्याचे उत्तर देते.

लिनक्समध्ये हायबरनेशनचा पाया गाबोर कुती आणि पावेल माखेक यांनी १९९८च्या सुमारास घातला. २००२मध्ये ते काम मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात आले. नायजेल कनिंगहॅम यांची 'टक्सऑनआइस' ही समांतर शाखा वापरणाऱ्यांना प्रिय होती, पण ती मुख्य कर्नलमध्ये कधीच पूर्णपणे सामावली गेली नाही. या सर्वांपुढचे कोडे एकच होते. मेमरीची प्रतिमा घ्यायची, तर ती घेणारा प्रोग्रॅमही त्याच मेमरीत असतो आणि त्याच्या प्रत्येक कृतीने ती बदलत राहते. त्यावरचा उपाय आजही तपशिलात पाहण्याजोगा आहे. आधी सर्व प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवले जातात, मग डिस्कसह सारी उपकरणे निश्चल केली जातात, आणि त्या पूर्ण शांततेत मेमरीची एक प्रत मेमरीतच काढली जाते, त्यामुळे त्या क्षणी साधारण निम्मी रॅम मोकळी लागते. प्रत तयार झाल्यावर उपकरणे पुन्हा जागी करून ती स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमची जोड म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेत लिहिली जाते, आणि स्वॅपच्या शीर्षभागात एक खूण ठेवून यंत्र बंद होते. पुढच्या वेळी नव्याने सुरू झालेला कर्नल ती खूण पाहतो, आधी ती पुसून स्वॅपची मूळ खूण पूर्ववत करतो, जेणेकरून परतीचा प्रयत्न फसला तरी शिळी प्रतिमा पुन्हा उघडली जाऊ नये, आणि मग स्वतःची जागा जुन्या मेमरीला देऊन टाकतो. 'रिझ्यूम' हे कर्नलचे सेटिंग म्हणजे ही खूण कुठे शोधायची याचा पत्ता होय. स्वॅप स्वतंत्र विभागाऐवजी फाइलमध्ये असेल, तर ती फाइल डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते तो आकडाही वेगळा द्यावा लागतो.

झोपलेल्या यंत्राच्या डिस्कला मधल्या काळात दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने हात लावला, तर जागी झालेली मेमरी जुन्याच नकाशावर विसंबून फाइलींची नासाडी करू शकते. २०१२च्या विंडोज ८मध्ये 'फास्ट स्टार्टअप' आले, ज्यात 'शट डाउन' म्हटल्यावरही कर्नल प्रत्यक्षात हायबरनेट होतो, आणि त्यामुळे एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांपुढे हा धोका नकळत उभा राहिला.

त्याच विंडोज ८पासून मोबाइल फोनच्या धर्तीवर, बंद न होता केवळ निष्क्रिय राहणाऱ्या झोपेचा पुरस्कार सुरू झाला, आणि अधिकार पुन्हा खाली चिपकडे सरकला. या झोपेत यंत्र नावापुरते जागेच असते आणि प्रत्येक घटकाने आपापली वीज कमी करावी अशी अपेक्षा असते; एकाने जरी ती पाळली नाही, तरी झाकण मिटलेला लॅपटॉप पिशवीत तापतो आणि बॅटरी उतरते. लिनक्समध्ये 'मेम-स्लीप' या छोट्या फाइलीत 'एसटूआयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द दिसू शकतात, त्यांपैकी 'डीप' म्हणजे सहसा जुनी एस-थ्री. पण उत्पादकाने एस-थ्री दिलेलीच नसेल, तर तो शब्द तिथे उमटत नाही आणि कोणतेही सेटिंग त्याला आणू शकत नाही. अशा यंत्रांवर काही काळ सस्पेंड आणि मग आपोआप हायबरनेट, ही २०१८मध्ये सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आलेली सोय हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तिथेही २०१९च्या ५.४ या कर्नलमध्ये आलेली 'लॉकडाउन' व्यवस्था, म्हणजे चालत्या कर्नलमध्ये बाहेरून फेरफार होऊ न देणारी बंधने, आड येते, कारण स्वॅपमधील प्रतिमेत कोणी फेरफार केलेला नाही याची खात्री देणारी स्वाक्षरी त्या प्रतिमेवर नसते; म्हणून ज्या लिनक्स वितरणांत सिक्युअर बूट, म्हणजे केवळ स्वाक्षरी केलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय, चालू असताना लॉकडाउन आपोआप लागू होते, तिथे कर्नल हायबरनेट होण्यास सरळ नकार देतो.