मालमोटार वाहतूक, यूरोपीय सामाईक बाजारपेठेतील

यूरोपातील देशांनी आपापसांतील सीमाशुल्क रद्द करून एकच बाजारपेठ उभारण्याचे ठरविल्यावर, त्या बाजारपेठेत माल वाहून नेणारा मालमोटारींचा व्यवसायही खुला व समान नियमांखाली आणण्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांचा हा इतिहास आहे. २५ मार्च १९५७ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदर्लंड्स व लक्सेंबर्ग या सहा देशांनी केलेल्या रोमच्या तहात शेतीप्रमाणेच वाहतुकीसाठीही सामाईक धोरणाची तरतूद स्वतंत्र प्रकरणात (अनुच्छेद ७४ ते ८४) करण्यात आली होती. तहाने त्यासाठी बारा वर्षांचा संक्रमणकाल दिला. प्रत्यक्षात पस्तीस वर्षे लागली. वस्तूंवरील सीमाशुल्क १९६८ च्या मध्यासच नाहीसे झाले, परंतु त्याच वस्तू वाहून नेणाऱ्या मालमोटारीला सीमा ओलांडण्यास पुढेही परवाना लागत राहिला.

या विलंबाचे मूळ दोन महायुद्धांमधील काळात सापडते. १९३० नंतरच्या मंदीत बहुतेक सरकारांनी रेल्वेला मोटारींच्या स्पर्धेपासून वाचविण्यासाठी परवानापद्धती सुरू केली. ब्रिटनमध्ये १९३३ च्या कायद्याने वाहतूकदारांचे ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ असे तीन वर्ग केले. जर्मनीत दूरच्या वाहतुकीवर परवान्यांची मर्यादा व बांधील दर आले. युद्धानंतरही पश्चिम जर्मनी व फ्रान्स यांचा कल रेल्वेच्या संरक्षणाकडेच राहिला. याउलट ऱ्हाइनच्या मुखाशी असलेल्या नेदर्लंड्सचे बंदर व त्याचे वाहतूकदार परक्या मालावरच जगत असल्यामुळे त्या देशास मोकळीक हवी होती. आधी नियम सारखे करावेत व मग बाजार खुला करावा, असे एका पक्षाचे म्हणणे होते. बाजार खुला झाला म्हणजे नियम आपोआप सारखे होतील, असे दुसऱ्याचे. लक्सेंबर्गचे लांबेर शाउस हे आयोगाचे वाहतूक-सदस्य असताना १९६१ मध्ये निघालेल्या निवेदनाने दोन्ही गोष्टी बरोबरीने करण्याचा मार्ग सुचविला. तो तर्कशुद्ध होता. पण कोणत्याही एका बाबीवरील मतभेदाने सर्वच अडून बसण्याची सोयही त्यात होती.

नियतांश व परवाने : दोन देशांनी परस्परांच्या मोटारींना दरवर्षी ठराविक परवाने द्यावेत, अशी रीत होती. परवाना त्या दोन देशांपुरताच असल्याने माल उतरविल्यावर तिसऱ्या देशाचा माल भरता येत नसे व अनेक मोटारी रिकाम्या परतत. यावर तोड म्हणून १९६९ च्या प्रारंभापासून समुदायाचा नियतांश अस्तित्वात आला. त्याचे परवाने सदस्य देशांपैकी कोणत्याही दोन देशांदरम्यान चालत. परंतु त्यांची एकूण संख्या होती अवघी १,२००. पश्चिम जर्मनी व फ्रान्स यांस प्रत्येकी २८६, नेदर्लंड्सला २४०, इटलीला १९४, बेल्जियमला १६१ व लक्सेंबर्गला ३३ परवाने मिळाले. एवढ्या वाहनांनी बाजारपेठ खुली होणे शक्यच नव्हते. १९७४ च्या निदेशानुसार व्यवसायात येणाऱ्यास सचोटी, आर्थिक ऐपत व व्यावसायिक ज्ञान या तीन कसोट्या लावण्यात आल्या. आधीपासून धंद्यात असलेल्यांना मात्र ज्ञानाची परीक्षा माफ होती.

वाहनचालक व टॅकोग्राफ : चालकाला अधिक तास राबवून भाडे कमी करणाऱ्या मालकाशी स्पर्धा करणे इतरांना अवघड जाते, आणि थकलेला चालक रस्त्यावर सर्वांनाच धोकादायक असतो. म्हणून १९६९ च्या विनियमाने वाहन चालविण्याचे तास व विश्रांती यांवर मर्यादा घातल्या आणि १९७० च्या विनियमाने वेग, अंतर व वेळ कागदी चकतीवर आपोआप नोंदविणारे टॅकोग्राफ हे उपकरण बसविण्याचे ठरविले. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क समुदायात आले, तेव्हा हे नियम त्यांनाही लागू झाले. ब्रिटनने १९६८ च्या वाहतूक कायद्याने चालविण्याचे तास दहावर आणले होते. समुदायाची मर्यादा आठ तासांची होती. कमी झालेल्या तासांचा अर्थ मालकाच्या दृष्टीने अधिक चालक व अधिक खर्च असा, तर चालकाच्या दृष्टीने जादा कामाच्या वेतनाला मुकणे असा होता. ब्रिटनला ही मर्यादा १९८१ पर्यंत टप्प्याटप्प्याने गाठण्याची मुभा मिळाली.

टॅकोग्राफबाबत तडजोड झाली नाही. ब्रिटिश कामगार संघटनांनी त्यास चालकाच्या कक्षातील हेर ठरविले. वास्तविक, बेकायदा वेळापत्रक लादणाऱ्या मालकाविरुद्ध चालकाच्या हाती पुरावा देणारेही ते साधन होते. पण विश्वास नसेल तेथे नोंद ठेवणारे यंत्र पाळतीसारखेच वाटते. सरकारने संपाच्या भीतीने ते ऐच्छिक ठेवले. आयोगाने दावा दाखल केला आणि ७ फेब्रुवारी १९७९ रोजी यूरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की अंमलबजावणीतील अंतर्गत अडचणी पुढे करून सदस्य देशास एखादा नियम अर्धवट पाळता येणार नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये टॅकोग्राफ सक्तीचा झाला. १९८५ च्या विनियमाने दैनिक मर्यादा नऊ तास केली व साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा विराम आवश्यक ठरविला.

वजने व रस्ते : मोटारीच्या वजनाचा वाद वरवर तांत्रिक वाटला, तरी त्यात रस्तेदुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्न दडलेला होता. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८–६० मध्ये झालेल्या रस्ता-चाचणीवरून असे दिसले, की रस्त्याची हानी साधारणतः आसभाराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. या हिशोबाने आसभार १० टनांवरून ११ टनांवर नेल्यास हानी सु. दीडपट, तर १३ टनांवर नेल्यास जवळजवळ तिप्पट होते. फ्रान्समध्ये १३ टनांचा, जर्मनीत १० टनांचा आसभार चालत असे. १९७२ मध्ये मूळ सहा देशांचे ११ टन आसभार व ४० टन एकूण वजन यांवर तत्त्वतः एकमत होत असतानाच, प्रवेशोत्सुक ब्रिटनने हरकत घेतली. तेथे एकूण मर्यादा ३२·५ टन होती. अरुंद रस्त्यांच्या जुन्या गावांतून जाणाऱ्या अवजड मोटारींविरुद्ध लोकमतही तीव्र होते. १९८० च्या आर्मिटेज समितीने अधिक आसांच्या मोटारींना अधिक वजनाची शिफारस केली. वजन अधिक आसांवर विभागले की रस्त्याची झीज घटते, हा तिचा मुद्दा रास्त होता. तरीही १९८३ मध्ये ३८ टनांपर्यंतच मुभा मिळाली. १९८५ च्या निदेशाने समुदायात ४० टन मर्यादा आली, तेव्हा ब्रिटन व आयर्लंड यांना सवलत मिळाली व ती १९९८ अखेरपर्यंत टिकली.

फेब्रुवारी १९८४ मध्ये इटालियन सीमाशुल्क कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे आल्प्समध्ये मोटारी अडकून पडल्या व संतापलेल्या फ्रेंच चालकांनी देशभर रस्ते रोखले. सीमेवरील कागदपत्रांचा जाच त्यामुळे सर्वांच्या नजरेस आला. १९८८ पासून त्यांच्या जागी एकच प्रपत्र वापरात आले. त्याआधी, २२ मे १९८५ रोजी, यूरोपीय संसदेच्या दाव्यात न्यायालयाने मंत्रिपरिषदेस वाहतूक खुली न केल्याबद्दल दोषी ठरविले होते. १९८८ मध्ये परिषदेने नियतांश रद्द करण्याचे ठरविले व १ जानेवारी १९९३ पासून केवळ गुणवत्तेवर मिळणारा समुदाय-परवाना सुरू झाला. परदेशी मोटारीने दुसऱ्या देशात अंतर्गत मालवाहतूक करण्याचा हक्क (कॅबोटाज) १९९० मध्ये १५,००० परवान्यांपासून सुरू होऊन १ जुलै १९९८ रोजी खुला झाला.

पूर्वेकडील विस्ताराच्या वेळी (१ मे २००४) जुन्या सदस्यांनी सावधगिरी बाळगली. पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया व तीन बाल्टिक देश यांच्या मोटारींना अंतर्गत वाहतुकीसाठी २००९ पर्यंत थांबविता येईल, अशी तरतूद झाली. उलट पोलंडलाही आपले रस्ते ११·५ टन आसभारास योग्य करण्यासाठी २०१० अखेरपर्यंत मुदत मिळाली. पहिल्या वाहनासाठी ९,००० व पुढील प्रत्येकासाठी ५,००० यूरो भांडवलाची अट तेथील एकदोन मोटारींच्या मालकांना जड होती. मात्र पुढील काळात आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीत सर्वांत मोठा वाटा पोलंडनेच मिळविला. त्यामागे व्यवसायाचे कौशल्य होते, तसेच पश्चिमेच्या मानाने कमी वेतनावर आठवडेच्या आठवडे मोटारीतच राहणारे चालकही होते. २००९ च्या विनियमाने अंतर्गत वाहतूक सात दिवसांत तीन खेपांपुरती मर्यादित केली. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती मोटारीच्या कक्षात घेणे नियमबाह्य ठरविले. जुलै २०२० च्या नियमांनी चालकास साधारणतः चार आठवड्यांतून एकदा घरी परतण्याची सोय करून देणे मालकावर बंधनकारक केले. त्याच नियमांतील, मोटार दर आठ आठवड्यांनी स्वदेशी आणण्याची अट मात्र ४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने रद्द झाली.